सुपडूमामाच्या सात पट्ट्या

माझा मामा सुपडू पलसाण्याच्या मिलमध्ये कलर मास्टर. व्यापाऱ्याने चिंधी दाखवली की नुसतं डोळ्यांनी बघून तस्साच रंग काढतो, म्हणून मिलमध्ये भारी भाव खातो. आणि संध्याकाळी पोटली प्यायचा. गुजरातेत दारूबंदी, तरी आमच्या कोसाडला प्लास्टिकच्या पोटलीतली देशी मिळायचीच. मी कॉलेजसाठी त्याच्याकडेच राहायचे, बीएस्सीचं दुसरं वर्ष, सत्त्याण्णव साल.

त्या आठवड्यात मिलमध्ये हळदी साड्यांचा मोठा लॉट चालला होता. मामा पिवळा होऊन घरी यायचा. रंगखात्यातले सगळेच येतात, त्यात काय. भागीरथीमामीने तीन दिवस त्याला दगडाने घासला, माणूस सोलून निघाला पण पिवळा तो पिवळाच.

"एवढा पक्का रंग साडीवर लावा ना," मामी म्हणाली, "मालक फेटा बांधेल तुम्हाला."

चौथ्या दिवशी सकाळी उजेडात मी मामाकडे नीट बघितलं आणि चहा हातातच राहिला. डोळ्यांचं पांढरंसुद्धा पिवळं.

"मामा, डोळ्याच्या आत कुठला रंग जातो?"

एवढा मोठा रंगारी, पण स्वतःचा शेड त्याला दिसला नाही. मला रडूच फुटलं, मग मामीला, मग मामा गावच्या बोलीत म्हणाला, "माले काय व्हयनं ते तरी सांगा, मंग मी बी रडस."

डॉक्टरांनी रक्त बघितलं, सोनोग्राफी केली. दारूने लिव्हर सुजलं होतं, चरबी साचली होती. पिणं बंद करायला सांगितलं आणि दारू सुटताना थरथर होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. घरी मी समजावत बसले. दारूने लिव्हरच्या पेशी मरतात. उरलेल्या पेशी वाढून ती जागा भरतात, लिव्हर तेवढं हुशार असतं. पण रोज प्यायलं की मरतात जास्त, नव्यांचीही वाढ खुंटते, मग शरीर तिथे नुसते व्रणाचे धागे भरतं.

"म्हणजे रफू," मामा म्हणाला.

"हो, तसंच."

"रफूवर रंग नीट चढत नही." मग हळूच, "मनं लिव्हर रफू व्हयी गयं का?"

"डॉक्टर म्हणतात अजून नाही. पण आता थांबलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्याने मिलमधून कापडाच्या सात पट्ट्या रंगवून आणल्या, सात नंबर हळदी, एक नंबर पांढरी. दर रविवारी गच्चीवर मामी त्या पट्ट्या त्याच्या डोळ्याशी धरून नंबर जुळवायची. मी भांडायचे, डोळ्यावरून लिव्हर कळत नाही, रक्त तपास. मामा दोन्ही करायचा.

पाचव्या आठवड्यात त्याचा जोडीदार भाईदास आला. अवघड शेड एका फटक्यात पास झाला की दोघं पोटली फोडायचे, वर्षानुवर्षांची रीत. त्याने खिशातून काढली, मामाने हातात घेतली. मामीचं लाटणं थांबलं.

"उजेडात ये," मामा म्हणाला आणि पट्ट्या काढल्या. "माझा डोळा मॅच कर."

भाईदास वाकला. "तीन नंबर."

"सातवरून तीनवर आणलाय. इतका अवघड शेड मी जन्मात काढला नाही. आता तू बिघडवतो का?" पोटली परत भाईदासच्या खिशात गेली. "थांब, तुझा बघू." मामाने पट्टी त्याच्या डोळ्याशी धरली, बदलली, परत धरली. "पाच."

"चल, थट्टा नको."

"शेडमध्ये मी थट्टा करतो का कधी?"

भाईदास खालीच बसला.

सोमवारी मी दोघांना डॉक्टरांकडे नेलं. मामाची सूज पुष्कळ उतरली होती, रक्तही सुधारलं होतं, फक्त दारूला आता जन्मात हात लावायचा नाही म्हणाले. बाहेर बाकावर भाईदास नंबराची वाट बघत होता. मामा त्याच्या शेजारी बसून बजावत होता, "पट्ट्या तुझ्या तूच रंगव. मन्या पट्ट्या मी तुले देवाव नही."