गुडघ्याचा देश

मी कृत्रिम पाय बनवते. नाशिकमध्ये सातपूरला दोन मोठ्या कारखान्यांच्या मधल्या गल्लीत आमची कार्यशाळा आहे. शेजारी दिवसभर लेथ चालू असतात आणि आमच्याकडे प्लास्टरची धूळ. या कामात बायका फार नाहीत. त्यामुळे पाय गेलेली बाई आली, की माप घ्यायला मलाच बोलावतात.

मांडीतून कापलेला पाय असेल तर तीन गोष्टी लागतात. उरलेली मांडी ज्यात बसते ते सॉकेट आम्ही त्या माणसाचं माप घेऊन इथेच बनवतो. रबरी पाऊल आपल्याच देशातलं येतं. मधला गुडघा मात्र त्या वेळी बाहेरच्या देशातून यायचा. खोक्यात घट्ट बसवलेला, आणि त्याच्या धातूवर बनवणाऱ्याचा शिक्का, नंबर आणि देशाचं नाव बारीक अक्षरांत कोरलेलं.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून मोफत पायांचं शिबिर घ्यायचं ठरवलं. काम आमच्याकडे आलं. त्यांची एकच अट होती. प्रत्येक पायावर ‘भारतात तयार’ असं लिहिलेलं हवं, कारण मंडपाच्या कमानीवरही तेच लिहायचं होतं.

आमच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“ताई, गुडघ्यावरचं ते कोरलेलं घासून टाका. वर स्टिकर लावू.”

“सर, पण गुडघा आपला नाहीये.”

“सॉकेट आपलं, पाऊल आपलं, जोडणारे हात आपले. अर्ध्याहून जास्त काम इथलं आहे. मग पाय कुणाचा म्हणायचा?”

 त्यांचं अगदीच खोटं होतं असंही नाही. मी म्हटलं, “मग ‘इथे जोडलेला, गुडघा बाहेरचा’ असं लिहू या.”

“एवढं कोण वाचतंय? आणि अडून बसलो तर पाय कुणाला मिळणार नाहीत. ते चालेल?”

ते चालणार नव्हतं. वाट बघणाऱ्या माणसांची यादी माझ्याच टेबलावर होती. मी ग्राइंडर हातात घेतला. दोन दिवस मीच ते गुडघे घासले. कोरलेलं खोल होतं, त्यामुळे दाबून धरावं लागायचं. खोकी भंगारात गेली.

शिबिराला सुरगाण्याकडची एक बाई आली होती, साधारण माझ्याच वयाची. द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे येताना मजुरांची पिकअप उलटली आणि तिचा पाय गेला. नवरा सोबत होता, कमी बोलणारा. तिचं माप मीच घेतलं होतं, चालायलाही मीच शिकवलं. कठडा धरून तिसऱ्या फेरीला तिने एक हात सोडला आणि माझ्याकडे बघून हसली.

मी पाय हातात दिला तेव्हा तिने स्टिकरवर बोट ठेवलं. “ताई, ह्ये काय लिवलंय?”

“भारतात तयार झालाय, असं.”

“म्हंजे मोडला तर हितंच नीट व्हईल.”

तिने ते विचारलं नव्हतं. ती ते स्वतःशीच समजून घेत होती. तरी मी “हो” म्हणाले.

दीड वर्षाने, आवणीला, म्हणजे भातलावणीला, महिनाभर असताना, ती एसटीने आली. चालता चालता गुडघा एकाएकी दुमडायचा. घर टेकाडावर आणि भाताचं खाचर खाली नाल्याकाठी. उतारावर दोनदा पडली होती. कोपराला खरचटल्याची खपली तेव्हाही होती.

मी गुडघा उघडला. आतला एक रबरी तुकडा आणि एक पिन झिजली होती. माझ्या तळहातावर मावतील एवढ्या दोन वस्तू. मी पुरवठादाराला फोन केला.

“नंबर सांगा,” तो म्हणाला.

“नंबर नाही.”

“निदान देश तरी सांगा. त्या खेपेत दोन देशांचा माल होता, मॅडम. दिसायला सारखा, आतला भाग वेगळा.”

मी दिव्याखाली गुडघा फिरवून फिरवून पाहिला. स्टिकर सोलून पाहिलं. खाली गुळगुळीत धातू होता. काम मी नीट केलं होतं.

पुरवठादाराने अंदाजाने दोन्हीकडचे तुकडे पाठवले, पण तोवर त्या कारखान्यांनी माप बदललं होतं आणि जुन्या मापाचा तुकडा नंबर दिल्याशिवाय मिळत नव्हता. एकही बसला नाही. ती तीन वेळा आली आणि तीनदा तशीच परत गेली. चौथ्या खेपेला मी गुडघा ताठ करून आवळून टाकला, म्हणजे निदान दुमडून ती पडणार नाही. ताठ पायाने टेकाड उतरता येत नाही, खाली बसता येत नाही. रोपं उपटून जुड्या बांधायचं काम ती बसून करायची, तेही गेलं. त्या वर्षी तिची जाऊ आणि नवरा दोघेच खाचरात उतरले.

गुडघा आवळून झाल्यावर मी पाना खाली ठेवला आणि तिला सांगितलं. गुडघा बाहेरचा होता, त्यावर नाव होतं, ते मी घासलं, आणि म्हणून आता त्याचा तुकडा सापडत नाही.

नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.  मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तवाच सांगायचं व्हतं, ताई,” ती म्हणाली. “भायेरचा हाय म्हनून मी काय नको म्हनले असते? मला चालायचं व्हतं.”

 तिने पाय चढवला, पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या खांद्याला धरून पायऱ्या उतरली. ताठ पाय आधी टाकायचा, मग चांगला. तेही मीच शिकवलं होतं.

सरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते पेन फिरवत ऐकत होते. मग म्हणाले, “नवा गुडघा मागवा. माझ्याकडून.” 

नवा गुडघा यायला दिवाळी उजाडली. लांबी वेगळी, म्हणून सॉकेटही पुन्हा करावं लागलं. या वेळी मी एक कार्ड तयार केलं. गुडघा कोणत्या देशाचा, नंबर काय, पाऊल कुठलं, सॉकेट नाशिकचं, बसवलं कुणी. खाली माझी सही. कार्ड प्लास्टिकमध्ये घालून तिच्या हातात दिलं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. तिने नवऱ्याला ते खिशात नीट ठेवायला सांगितलं. आभार मानले नाहीत. मला ते योग्यच वाटलं.

पुढच्या वर्षी आवणी झाल्यावर तिच्या नवऱ्याचा फोन आला. गुडघा ठीक आहे, पट्टा सैल झालाय, कधी येऊ? मी दिवस सांगितला. ती आली, पट्टा बदलून गेली. पुन्हा कधी ती माझ्याशी पहिल्यासारखी हसली नाही, पण माप घ्यायला दुसऱ्या कुणाला हातही लावू देत नाही.

शिबिराची जुनी यादी मी कपाटातून काढली आणि एकेकाला फोन केले. मनमाडचे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, “अहो, चालतोय ना पाय, मग झालं.” नामपूरच्या एका म्हाताऱ्याच्या सुनेने ते वारल्याचं सांगितलं. एकाने मला खूप बोलून घेतलं. मी ऐकलं. बाकीच्यांना गुडघा तपासायला बोलावलं. काही आले.

पण कित्येक नंबर बदललेले होते. पेठकडच्या दोघांचा पत्ता म्हणून फक्त पाड्याचं नाव लिहिलं होतं. एका रविवारी मी तिकडे जाऊन आले. दोघेही कामाला गुजरातेत गेले होते आणि कधी येतील ते घरच्यांना सांगता आलं नाही.