सुरी खाली ठेवा, जावईबापू

माझे चुलतसासरे एखादे वेळी लेंगा घालायला विसरतील, पण कमरेला सुरी लावायला विसरणार नाहीत, असं मी गेली अठरा वर्षं छातीठोकपणे सांगत आलो आहे. एकदा हे त्यांच्या तोंडावरच बोलून गेलो, तर ते रागावले नाहीत. थोडा विचार करून त्यांनी लेंग्याशिवाय सुरी लावायची कुठे, अशी एक व्यावहारिक अडचण तेवढी दाखवली. हे माझ्या बायकोचे सख्खे काका. तिचे वडील लवकर गेले, म्हणून कन्यादान काकांनी केलं आणि त्याबरोबर सासरेपणाचे सगळे हक्कही आपल्याकडे घेतले. सांडोरला त्यांची केळीची वाडी आहे, आणि तिथून स्कूटरवर वीस मिनिटांच्या अंतरावर आमचा फ्लॅट. त्यांच्या घरात आपसात जी बोली चालते ती मला इतक्या वर्षांत निम्मीच कळली आहे. माझ्याशी मात्र काका अगदी स्वच्छ, पुस्तकातलं मराठी बोलतात. जावई म्हणजे पाहुणा, आणि पाहुण्याला आपलं सगळं बोलणं कळलं पाहिजे, विशेषतः टोमणे, असा त्यांचा विचार असावा.

सुरी म्हणजे फार मोठं शस्त्र डोळ्यांसमोर आणू नका. वीतभर पातं, बोटभर जाडीची लाल प्लास्टिकची मूठ. आठवडी बाजारात उंदराचं औषध, कंगवे आणि नेलकटर विकणाऱ्या एका माणसाच्या ताडपत्रीवरून काकांनी ती उचलली, तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. त्यानं शंभर सांगितले, काकांनी ऐंशीला घेतली. लोक आपला फ्लॅट किती स्वस्तात मिळाला ते ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात काका 'ऐंशी' म्हणतात. म्यान त्यांनी घरीच केलं. पाण्याच्या पाइपचा तुकडा चुलीवर गरम केला, पायाखाली दाबून चपटा केला आणि सुतळीनं कमरेला बांधला. म्यानाला खर्च शून्य आला, तळपायाला फोड आला तो त्यांनी हिशेबात धरला नाही.

त्या एका सुरीनं काकांनी काय काय केलं याची यादी करायची तर मला रजा टाकावी लागेल. केळीची पानं उतरवणं, नारळ सोलणं, सुरण खणणं ही तिची नेमून दिलेली कामं. त्याशिवाय ती पोस्टाची पाकिटं फोडते, रेडिओचे स्क्रू पिळते, पायातला काटा काढते, स्कूटरचा प्लग खरवडते आणि जेवणानंतर काकांचे दातही कोरते. एका रविवारी काका अर्नाळ्याला ओळखीच्या कोळणीकडे गेले होते आणि तिच्याशी गप्पा मारता मारता तिचे अर्धी टोपली बोंबील त्यांनी साफ करून दिले. संध्याकाळी माझ्या मुलीचा वाढदिवस होता. केकबरोबर आलेली प्लास्टिकची सुरी पहिल्याच घावाला वाकली आणि काका 'सरका' म्हणून पुढे झाले. केक छान कापला गेला, अगदी सारखे तुकडे. पाहुणेही दोन-दोन तुकडे खाऊन गेले. फक्त हा कुठला फ्लेवर, असं तिघा-चौघांनी मला दाराशी हळूच विचारलं.

धार लावायला काकांना दगड लागत नाही. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत कडा असते, तिच्यावर धार उत्तम लागते, हा शोध त्यांना कधीतरी लागला, आणि तेव्हापासून त्यांना चहा देणारी बाई धास्तावलेली असते. आमच्या घरी ते मुलगा बघायला, म्हणजे मला बघायला आले, तेव्हा आईनं कपाटातले ठेवणीतले कप काढले होते. काकांनी चहा संपवला, कप बशीत उपडा घातला, कमरेची सुरी काढली आणि ती त्याच्यावर सावकाश फिरवत माझ्या वडिलांना विचारलं की मुलगा नोकरीत कायम आहे ना. माझे वडील तसे कुणाला घाबरणारे नव्हते. पण त्या दिवशी मी कायम असल्याचं तर त्यांनी सांगितलंच, वर मी बारावीला एकदा गटांगळी खाल्ल्याचंही न विचारता कबूल केलं. लग्न ठरलं. कप मात्र आईनं पुन्हा कपाटात ठेवला नाही.

मध्यंतरी एका नव्या मॉलच्या दारात पहारेकऱ्यानं ती सुरी अडवली. काकूंना मिक्सर घ्यायचा होता म्हणून आम्ही सगळे गेलो होतो. काकांचं म्हणणं असं की देवळाबाहेर चपलांचा बिल्ला देतात तसा सुरीचा द्या, मी ठेवून जातो. तशी सोय नाही म्हटल्यावर ते आम्हाला आत धाडून सुरीसकट दारातच बसले. दोन तासांनी बाहेर येऊन पाहतो तर पहारेकऱ्याच्या खुर्चीवर काका, समोर वर्तमानपत्रावर चिरलेली पपई, आणि दारावरचे दोन्ही पहारेकरी आणि पार्किंगचा माणूस तिच्याभोवती उकिडवे बसलेले. त्यांतला एक तर सुरी हातात घेऊन तिच्या वजनाचं कौतुक करत होता. त्याला ती घ्यायला काकांनी आधी जमिनीवर ठेवली होती, हे मी न पाहताच सांगू शकतो.

कारण काकांचा एक नियम आहे. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही. आपण खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. हातात दिली की भांडण होतं. आपल्याकडे पुष्कळ घरांत हे पाळतात, पण काकांइतकं कडक पाळताना मी कुणाला पाहिलेलं नाही, आणि त्यातून जावयाच्या बाबतीत तर मुळीच सूट नाही. तुमच्याशी भांडण परवडायचं नाही, असं ते दर वेळी म्हणायचे. एकदा वाडीत केळीचा घड उतरवत होतो. झाड अर्धं कापून वाकवलेलं, घड काकांच्या खांद्यावर, आणि दांडा कापायचं काम माझ्याकडे. सुरी मात्र राहिली त्यांच्याच हातात. मी हात पुढे केला. त्यांनी मान हलवली. खांद्यावर पंचवीस किलोचा घड घेऊन खाली वाकणं शक्य नाही, हे त्यांनाही कळत होतं, आणि नियम मोडणं तर त्याहून शक्य नव्हतं. बराच वेळ आम्ही दोघे एकमेकांकडे बघत उभे होतो. शेवटी त्यांनी सुरी जमिनीवर टाकली, ती घसरत बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठाशी गेली, ती उचलायला मी वाकलो आणि मागे दांडा मोडल्याचा आवाज आला. घड तळ्यात गेला आणि घडामागून काका. कमरेएवढ्या पाण्यात घडाला मिठी मारून ते उभे होते आणि डोक्यावर शेवाळ होतं.

"घड भिजला," ते शांतपणे म्हणाले, "पण संबंध राहिले, जावईबापू."

त्यांची मुलगी परदेशात असते. तिनं एका वर्षी वडिलांना तिकडची एक महागडी सुरी आणली, लाकडी पेटीत मखमलीवर निजवलेली. काकांनी तिची किंमत विचारली आणि पेटी लगेच बंद केली. दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत ती पाटावर मध्यभागी मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि पुन्हा कपाटात ठेवतात. लाल मुठीच्या सुरीला पाटावर जागा असते, पण ती तिथे सापडत नाही, कारण त्या वेळी ती झेंडूच्या माळांचे दोरे कापत असते. मी एकदा विचारलं की काका, एवढी उत्तम सुरी आहे तर वापरत का नाही. ते म्हणाले की ती हातात धरली की मला माझे हात मळके वाटतात. महागाच्या वस्तूला माणूस जपत बसतो, आणि जपायची म्हटली की कामाला कोण लावणार. ऐंशी रुपयांची आपल्याला काही म्हणत नाही. तिला चिखलात टाका, पावसात विसरा, ती तशीच. हे बोलताना त्यांचा अंगठा मुठीवरच्या खळग्यात होता. तो खळगा बाजारातून आलेला नाही, त्यांच्या अंगठ्यानंच पाडलेला आहे. मला तेव्हा त्या सुरीचा थोडा हेवाच वाटला होता.

अशी ती सुरी गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर हरवली. काकूंचा फोन आला. सुरी सापडत नाही आणि हे धड जेवत नाहीत, तुम्ही या, एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही घर पालथं घातलं. तांदळाचे डबे उपसले, गाद्या उलट्या केल्या, बावखलात मी स्वतः उतरलो आणि दोन चपला, एक कळशी घेऊन वर आलो. काका कमरेला रिकामं म्यान बांधून हिंडत होते. त्यांनी आधी कावळ्यांवर संशय घेतला, मग शेजाऱ्याच्या कुत्र्यावर, मग थोडा माझ्यावर. केळीच्या पानांना एरवी नसते इतकी मागणी, आणि ते पेटीतली सुरी काढून एक पान कापायचे, ती जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे आणि परत ठेवून यायचे. मला ते बघवेना. आठवडी बाजारात हिंडून मी तशीच लाल मुठीची सुरी शोधून काढली, राखेनं घासली, केळीच्या चिकात दिवसभर बुडवून काळी केली आणि तळ्यात मिळाली म्हणून त्यांच्यापुढे ठेवली. काकांनी चहा मागवला. तो पिऊन कप उपडा घातला, सुरी एकदाच त्याच्यावर फिरवली आणि कान देऊन ऐकलं. मग तिला हळूच बाजूला ठेवलं आणि म्हणाले की आवाज निराळा आहे, पण जावईबापू, चीक चांगला लावलाय.

बाराव्या दिवशी ती सापडली. घराच्या मागच्या कोपऱ्यात एक राजेळी केळ आहे. तिला बघायला आम्ही दोघे गेलो होतो, आणि मला खुंटावर काहीतरी लाल दिसलं. सुरी मुठीपर्यंत खुंटात रुतलेली होती आणि भोवती चीक वाळून काळा झाला होता. तिच्या वरच झाडाला बांबूचा टेकू बांधलेला होता, नव्या सुतळीनं. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून टेकू बांधणाऱ्यानं सुरी खुंटात खोचून ठेवलेली, हे उघड होतं. काका त्या झाडावरून रोज दोनदा तरी जात होते. मी मोठ्यानं हसलो. ते हसले नाहीत. सुतळीची गाठ त्यांनी बोटांनी चाचपली.

"हा टेकू मी बांधला?"

गाठ तुमचीच आहे, असं मी म्हणालो. ती तिहेरी गाठ घरात दुसऱ्या कुणाला येत नाही.

त्यांनी टेकू हलवून पाहिला. मग त्यांनी सांगितलं की हे पहिल्यांदा झालेलं नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या पापडी गावात केस कापायला गेले, आणि चाळीस वर्षांच्या ओळखीच्या दुकानासमोर उभं राहून त्यांनी एका माणसाला ते दुकान कुठे आहे म्हणून विचारलं. काकूंना हे सांगायचं नाही, असंही बजावलं. सुरीच्या पायी आम्ही बारा दिवस घर उपसत होतो, आणि हरवत होतं ते निराळंच होतं.

त्यांनी सुरी ओढून काढली, लेंग्याला पुसली, कमरेचं म्यान सोडलं, तिला म्यानात घातलं आणि माझ्यासमोर धरली. सरळ, हातात. मी सवयीनं जमिनीकडे पाहिलं. माझ्या मनात आलं की आता हेही विसरले.

"विसरलो नाही," काका म्हणाले. "हातात दिली की भांडण होतं, हे पक्कं माहीत आहे मला. होऊ दे. भांडायला तरी दर रविवारी याल."

मी सुरी घेतली. माझा अंगठा त्या खळग्यात बसला नाही, अजूनही बसत नाही. जेवताना काकूंना सुरी सापडल्याचं तेवढं सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणून त्या मनसोक्त हसल्या, आणि काकाही त्यांच्याबरोबर हसले.

तेव्हापासून सुरी माझ्या स्कूटरच्या डिकीत असते आणि मी दर रविवारी सकाळी सांडोरला असतो. काका जे सांगतात ते मी कापतो, आणि ते माझ्या प्रत्येक घावाला नावं ठेवतात. गेल्या रविवारी मी पानं उतरवत होतो, ते शेजारी बसून बघत होते. मध्येच त्यांनी सुरी मागून घेतली, हातात तोलली, अंगठा आपसूक खळग्यात गेला. त्यांचा चेहरा खुलला. चांगली आहे, केवढ्याला घेतलीत, असं त्यांनी मला विचारलं.

ऐंशीला, मी म्हणालो. सांगणारा शंभर सांगत होता.

"स्वस्तात मिळाली," काका म्हणाले. "मग जपत बसू नका. वापरा."

काका, ही तुमचीच आहे, असं मी म्हणून गेलो. ते म्हणाले, छे, दुसऱ्याची वस्तू मी कशाला माझी म्हणू. मी म्हटलं तुमची. ते म्हणाले तुमची. आवाज चढला तशा काकू बाहेर आल्या आणि दोघांनाही दटावून गेल्या. अठरा वर्षांतलं आमचं ते पहिलं भांडण, आणि ते पार जेवणाची पानं मांडेपर्यंत चाललं.