काठीवाली दिसली की ब्रेक

हरणाबाईनं उभ्या आयुष्यात कधी रस्त्याकडं बघून रस्ता ओलांडला नाही. ही तिची खोड म्हणा, मिजास म्हणा, नाहीतर तिच्या भाषेत देवाचं देणं म्हणा. माण तालुक्यातली ही धनगरीण, साठीला टेकलेली, अंगानं वाळक्या शेंगेसारखी. दिवाळी झाली की मेंढरं हाकत वडूजवरनं खाली कृष्णाकाठाला उतरायचं, उसाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला लेंडीखत द्यायचं, आणि पाऊस जवळ आला की पुन्हा वरची वाट धरायची, हा तिचा वर्षाचा फेरा. वाटेत लहानमोठे रस्ते आडवे यायचे. हरणाबाई कडेला यायची, हिरव्या लुगड्याचा डोईवरचा पदर दातात धरायची, काठी वर करायची आणि सरळ डांबरावर पाय टाकायची. डावीकडनं काय येतंय, उजवीकडनं काय येतंय, ते ज्याचं त्यानं बघावं.

आणि गाड्या थांबायच्या की! ट्रक, टेम्पो, भारीतल्या मोटारी, सगळ्यांचे कचाकच ब्रेक लागायचे. बाकीच्या मेंढक्यांना ड्रायव्हर आईबापावरनं शिव्या घालायचे, हिला मात्र हात जोडायचे. कुणीकुणी काच खाली करून ओरडायचं, "जावा मावशी, जावा! आमी थांबलोय!" आणि खदखदून हसायचं. त्या हसण्यात हरणाबाईला कधी वावगं वाटलं नाही. देवाचं माणूस दिसलं की लोकांना आनंद होतोच, अशी तिची समजूत.

ही समजूत वाऱ्यावर उगवलेली नव्हती. काठी तिच्या नवऱ्याची. तो गेल्यावर तिनं ती आरेवाडीच्या बिरोबापुढं ठेवली, वर मूठभर भंडारा उधळला आणि "आता तूच हाक बाबा," म्हणून उचलली. त्याला वीस वर्षं होत आली. तेव्हापासून तिचं एकही मेंढरू गाडीखाली गेलं नाही. दुसऱ्यांची जायची. मग तेच लोक, आधी मागं कुजबुजणारे, गुळाचा खडा घेऊन यायचे, "हरणाबाय, तेवढी आमची बी मेंढरं पल्याड लावा की." हरणाबाई गूळ तोंडात टाकायची आणि लावायची. पण तोरा असा, की जणू आगगाडीला हिरवा झेंडा हिनंच दाखवावा.

मुलगा मुंबईला माथाडी कामगार, त्यामुळं कळपामागं सासू-सून दोघीच. सुनेचं नाव माया. तिलाही हरणाबाईनं पहिल्या वर्षीच धडा दिला होता. "बघायचं न्हाई. बघितलं की भ्या वाटतं, भ्या वाटलं की देव सोडून जातो. काठी वर आन् पाय म्होरं." माया म्हणायची, "व्हय आत्ती." माया मुळातच कमी बोलायची.

यंदा त्यांचा मुक्काम कराडच्या खाली, हायवेला लागून असलेल्या विजयमालावहिनींच्या रानात होता. घर सधन, ऊसवालं, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या फौज. अलीकडच्या रानात मेंढरं बसवून झाली होती, आता हायवेच्या पलीकडच्या तुकड्यात न्यायची होती. त्या दिवशी दुपारी हरणाबाईनं एक गोष्ट केली, जी तिनं आजवर कधीच केली नव्हती. आपली काठी मायाच्या हातात दिली.

"आज तूच लाव मेंढरं पल्याड. कवातरी शिकायलाच पायजे. मी वैनीस्नी सांगून येते."

माया काठीकडं बघतच राहिली. "मी एकली?"

"एकली कशी? बिरोबा हाय की!"

वहिनींनी चहा टाकला होता. हरणाबाई खुर्चीवर बसायची नाही, ती सोप्यात भिंतीला टेकून बसली. समोर वहिनींचा साईराज, फौजेतनं सुट्टीवर कालच आलेला, पस्तिशीचा गडी, लहान पोरासारखा मांडी घालून टीव्हीपुढं बसला होता. माळ्यावर पडलेला जुना कॉम्प्युटर त्यानं झाडूनपुसून टीव्हीला जोडला होता.

"बघा हो हरणाबाय," वहिनी म्हणाल्या, "सीमेवर बंदूक धरतो, आन् घरी आल्यावर ह्यो धंदा. कॉलेजात असताना साताऱ्याच्या नेट कॅफेत ह्यापायीच पडून असायचा."

"आये, ह्या गेमचा नवा भाग येतोय येतोय म्हणून किती वर्षं हूल देत्यात," साईराज नजर न हलवता म्हणाला. "मग आमी सगळ्या दोस्तांनी ठरवलं, जुनाच परत खेळायचा."

हरणाबाई बघायला लागली. टीव्हीत समुद्र होता, माडाची झाडं होती, रंगीत बंगले होते. एक फुलाफुलाचा शर्ट घातलेला बाप्या आला, चालत्या गाडीचं दार उघडून त्यानं आतल्या माणसाला कॉलर धरून बाहेर फेकलं आणि गाडी पळवली. वाटेत दोन माणसं उडवली. पोलीस मागं लागला, तर त्यालाही उडवला. आणि गाडीत गाणी चालूच.

"ह्यो कोन चोर म्हनायचा?" हरणाबाई हबकून म्हणाली.

"चोर न्हवं मावशी, मीच हाय त्यो."

"मुडदा बशिवला तुझा! आन् धरत न्हाईत व्हय कोन तुला?"

"धरत्यात की. परत सुटतो." साईराज हसला.

गाडी समुद्राकडेच्या वळणावर आली. वळणापलीकडं रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, खांद्यावर घोंगडं, दातात पदर, हातातली काठी वर. मागं पांढरे खोके सरकत होते. खोक्यांना पाय नव्हते, पण कान होते. आणि बाईचं तोंड कुणीतरी खऱ्या फोटोतनं कापून चिकटवलेलं होतं.

हरणाबाईच्या हातातली बशी खाली आपटली.

"आगं बया! ही... ही मी हाय!"

साईराजनं झटकन मागं वळून बघितलं. भिंतीला टेकलेली बाई बघितली, परत पडद्याकडं बघितलं, आणि त्या गडबडीत त्याचा ब्रेक राहिला. धाड! पडद्यावरची हरणाबाई हवेत उडाली, पालथी पडली, आणि तिच्याखाली तांबडं डबकं पसरत गेलं. लगेच भोंगे वाजायला लागले, चहूकडनं रणगाडे आले, गाडीचा भडका उडाला आणि पडदा काळा झाला.

हरणाबाईनं छातीवर हात ठेवला. जिवंत माणसाला आपलं मढं बघायला मिळत नाही. तिला मिळालं होतं, तेही चहा पिताना.

"मारलीस?" ती कशीबशी म्हणाली. "मला?"

साईराजचा चेहरा तिच्याहून पांढरा पडला होता. "आवं मावशी... तुमी खरंच हायसा?"

मग त्यानं सांगितलं ते असं. अमृत म्हणून त्याचा दोस्त, वडूजचा. कॉलेजला येताना एकदा एका बाईनं मेंढरांसाठी त्याची एसटी अडवली, ड्रायव्हर हुज्जत घालायला लागल्यावर बॉनेटवर काठ्या हाणल्या. अमृतनं खिडकीतनं मोबाईलवर फोटो काढला. पोरगं म्हणजे कॉम्प्युटरमधला किडा. त्यानं गेममधली एक बाई काढून तिथं ही घातली, मागं मेंढरं म्हणून खोके लावले, आणि वर एक नियम घातला. बँक लुटा, पोलीस मारा, काही करा, चालतंय. पण काठीवालीला धक्का लागला की खेळ खलास. रणगाडे येणार, आणि आजवर कमावलेलं सगळं पुसून जाणार. ती सीडी साताऱ्यातनं कराडला गेली, कराडातनं सांगलीला. कॉलेजातल्या पोरांनी तीच खेळली, आणि पुढं ट्रक-टेम्पो हाकायला लागली ती हीच पोरं.

"बोटास्नी सवयच लागली मावशी. हिरवं लुगडं आन् वर उचललेली काठी दिसली की ब्रेक. अजून आमच्या ग्रुपवर कोनतरी टाकतंय, 'काठीवाली दिसली, थांबलो.' मला वाटायचं गंमत करत्यात."

"म्हंजी ती मानसं हात जोडायची..."

"व्हय. खेळ खलास हुऊ नये म्हनून."

वीस वर्षं डोईवर मिरवलेला देव असा सीडीतनं निघावा! काठी नव्हती, भंडारा नव्हता, बिरोबाही नव्हता. तिला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. त्या हसणाऱ्या तोंडांना ती आशीर्वाद देत आली होती. आणि कुणाकुणाचा गूळ खाल्ला होता, तेही आठवायला लागलं.

तेवढ्यात हायवेवरनं एक कर्कश हॉर्न ऐकू आला.

"लेकरा," तिनं हळूच विचारलं, "आत्ताची पोरं बी ह्योच खेळत्यात न्हवं?"

"छ्या! ह्यो जुना कोन खेळतंय? त्यांचं मोबाईलवर दुसरंच असतंय."

"त्यात मी हाय?"

"न्हाई मावशी. त्यात कशी असशीला?"

हरणाबाई उठली. तिला एवढंच दिसत होतं, की तिनं सुनेला देवाच्या भरवशावर आंधळी करून हायवेवर पाठवलं होतं. आणि देव तिथं नव्हता.

"माया!" ती किंचाळली आणि अनवाणीच पळत सुटली. बांध, पाट, तुटलेल्या उसाचे बुडखे, कशाचीच तिला शुद्ध नव्हती. तळवे सोलवटले. मागनं साईराज पळत होता. हायवे दिसला तेव्हा मेंढरं डांबरावर होती. पलीकडनं एक पिकअप गाणी बडवत येत होती, आत विशीतलं पोरगं.

रस्त्याच्या मधोमध माया उभी होती. काठी तिनं काखेत मारली होती. मान वळवून ती पिकअपकडंच बघत होती, आणि तिच्या हातात तांबडं फडकं होतं. हात उंच करून ती ते जोरजोरात हलवत होती. पिकअपचा वेग कमी झाला, आणखी कमी झाला, आणि गाडी थांबली. पोरानं शिवी हासडली. मायानं तिकडं लक्ष दिलं नाही. शेवटचं कोकरू पलीकडं गेल्यावर तिनं फडकं कमरेला खोचलं, राखणीला कुत्रं सोडलं आणि सासू दिसली म्हणून दोन्हीकडं बघत बघत परत आली.

हरणाबाई कडेला मटकन बसली होती. तिनं सुनेच्या कमरेचं फडकं धरलं. कडा विरलेल्या, रंग उडालेला. आजचं नव्हतं ते.

"कवापास्नं?"

मायानं खाली बघितलं. आता बोलणी खायची, अशा तयारीनं ती उभी होती. "लगीन झाल्यापास्नं. तुमी म्होरं काठी उचलायचा, मी मागनं फडकं हलवायची. जुनी मानसं तुमास्नी बघून थांबत्यात, आत्ती. नवी पोरं न्हाई थांबत. ती ह्याला थांबत्यात."

"आन् मला कवा सांगितलं न्हाईस?"

"तुमी मागं कवा बघितलंसा?"

मायानं काठी पुढं केली. हरणाबाईनं ती घेतली, पण वर उचलली नाही, टेकायला धरली. दुसरा हात तिनं सुनेच्या हातात दिला. दोघी डांबराच्या कडेला आल्या. पाय टाकायच्या आधी हरणाबाईनं पदर दातातनं सोडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मान उजवीकडं वळवली. मग डावीकडं. तिचे डोळे विस्फारले आणि तिनं सुनेचा हात गच्च आवळला.

"आगं बया! माया, एवढ्या गाड्या असत्यात व्हय गं?"