ओझं टेकवायचा दगड

तारीख ११ फेब्रुवारी, मंगळवार. आकडा – वरचा १७८, खालचा १०८. हजर – डॉक्टर, माझी बायको सुनंदा आणि मी. बीपीमुळे माझं हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे गेलं.

"आतडं अडकलं तर याच बीपीवर घाईघाईत करावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "गोळी चालू ठेवा, मीठ कमी, रात्री नऊला फोन बंद, रोज चाला. आणि डोक्यात काय चाललंय ते बघा."

मुदत तीन आठवडे.

‘डोक्यात बघा’ असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पिरंगुटच्या कारखान्यात सव्वीस वर्षं क्वालिटीत आहे. जे मोजता येत नाही ते मी रजिस्टरात लिहीत नाही. बाकी सगळं पाळलं. अठरा दिवसांत वरचा आकडा १६४ च्या खाली आला नाही.

कासार आंबोलीत आमच्या घरामागून डोंगरातल्या वाडीकडे पायवाट जाते. वाटेत छातीइतका उंच, वरून सपाट दगड आहे. मोळीवाल्या बायका न वाकता त्यावर ओझं टेकवतात. एकोणिसाव्या दिवशी सकाळी मी तिथे धापा टाकत होतो आणि वाडीतली ठकूबाई मोळी उचलून निघाली होती.

"सायेब, डोकं मोकळं आन् मान अशी? मोळी घिऊन मी बी येवढी वाकत न्हाई."

"टेन्शन आहे मावशी."

"मंग ठिवा की हितं. दगुड काय भाडं मागतोय व्हय?"

हसत गेली. कोणी बघत नाही असं पाहून मी दगडावर हात ठेवले... आणि मनातल्या मनात एकेक उतरवलं – ऑडिट, आईचं आजारपण, मुलाची नोकरी, रात्रपाळी. चार. पाचवी भीती, ऑपरेशनच्या टेबलावरून उठलोच नाही तर... ती सुनंदालाही सांगितली नव्हती. ती ठेवली नाही.

घरी येऊन मोजलं – १४८. मशीनचे सेल बदलून पुन्हा – १४६.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई मान धरून दगडाशी बसलेली.

"काल सांजच्याला मोळी टिकंना हितं. जागा हुती कुटं? चार वझी तुमची! सारून सारून मान धरली माजी."

मी हसलो. ती हसली नाही.

"आन् पाचवं माघारी का न्हेलंत? त्येच तर लई जड हाय."

मी पाचव्यासाठी दगडावर पुन्हा हात ठेवले. किती वेळ उभा होतो, ते मात्र मोजलेलं नाही.

मग तिच्यापुढे पाचशेची नोट धरली.

"पैशानं मान सुटती व्हय? बरं झाल्याव माजं एक वझं न्या माज्या दारापातूर."

४ मार्चला १३२/८४. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

गोळी तेव्हाही चालू होती, आजही आहे – कोणी बंद करू नका. चालण्याने, झोपेने बीपी उतरतं, मान्य. पण एका सकाळीत? आणि मनातले चार आणि पाच तिने कसे मोजले – मी तोंडातून शब्दही काढला नव्हता... बीपीच्या वहीत कारणाची ओळ अजून कोरी आहे.

डॉक्टरांनी तीन महिने वजन उचलू दिलं नाही. जूनच्या पहिल्या शनिवारी चुकतं केलं – मोळी एक, वजन साडेअकरा किलो, दगडापासून दारापर्यंत ६४२ पावलं, मध्ये कुठेही न टेकवता. ठकूबाईला पोचली.