मानेतली कसी

अप्पांना शर्टाचं बटण लावता येईना, तेव्हा आम्ही ते वयावर ढकललं. मग एका सकाळी नर्सरीत त्यांच्या बोटांतून कलमाची पट्टी तीनदा सुटली. बेळगोळच्या रस्त्यावरच्या त्या नर्सरीत आंब्याची, चिकूची कलमं बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. आमच्या घरच्या मराठीत कलमाला ‘कसी’ म्हणतात. शब्द कन्नड आहे, पण कॉलेजात जाईपर्यंत मला तो मराठीच वाटायचा.

मानेचा एमआरआय झाल्यावर डॉक्टर माझ्याशीच बोलले, तेही इंग्रजीत. अप्पा तेव्हा रक्त तपासायला गेले होते. दोन मणक्यांमधली चकती मागे सरकून मज्जारज्जूला दाबतेय. गळ्याच्या पुढून जाऊन ती काढायची, तिथे कमरेच्या हाडाचा तुकडा बसवायचा, वरून धातूची पट्टी आणि स्क्रू. काही महिन्यांत दोन मणक्यांचा एकच होईल. मी सगळं वहीत उतरवलं. ‘फ्यूजन’च्या पुढे मात्र काय लिहावं ते कळेना. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे माझी चूक पकडणारंही कुणी नव्हतं. घरी मी सांगितलं, "हाड जोडणार. मग मान पहिल्यासारखी."

खरं सांगायचं तर ते अगदी नकळत झालं नव्हतं. थांबलात तर हातांनंतर पाय जातील, असं डॉक्टर म्हणाले होते. अप्पांनी हो म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ते हो म्हणाले.

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायच्या दिवशी डॉक्टरांनी अप्पांना कन्नडमध्ये समजावलं. ‘मूळे कसी’, म्हणजे हाडाचं कलम. अप्पा खुर्चीत पुढे सरकले.

"कसी? मग दोन्ही मिळून एक होणार?"

"हो."

"मग तो सांधा वाकणार नाही."

"तेवढा नाही वाकणार. मान थोडी कमी वळेल."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. "तू पहिल्यासारखी म्हणालीस." पेन टेबलावर ठेवून ते बाहेर गेले.

बाहेर बाकावर बसलेली अव्वा, माझी आई, मलाच बोलली, "सुम्ने, उगाच कशाला सांगितलंस काहीतरी? याच्यासाठी शिकवलं तुला?"

मला रडू येत होतं, पण रडून सही होणार नव्हती. मी वही उघडली आणि अप्पांना एकेक ओळ वाचून दाखवली. या वेळी काही गाळलं नाही. गेलेली ताकद सगळी परत येईलच असं नाही. आणखी बिघडू नये म्हणून ऑपरेशन. गळ्याला पट्टा. बिडी पूर्ण बंद, धुरानं हाड धरत नाही.

"बिडीचं तू घातलंस मध्ये."

"नाही अप्पा. त्यांनीच सांगितलं."

"कसी धरली नाही तर?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलले असेन.

"मग विचारू या की."

आम्ही परत आत गेलो. मी भीत भीत विचारलं, डॉक्टरांनी उत्तर दिलं, आणि मग अप्पाच विचारत सुटले. तुकडा सुकणार तर नाही? किती दिवस हलवायचं नाही? कधी कधी धरत नाही, मग पुन्हा करावं लागतं, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा अप्पा पहिल्यांदा हसले. "आमची पण काही जातात. म्हणून बांधायचं सोडतो काय?"

त्यांनी पेन मागितलं. बोटं नीट मिटत नव्हती, पहिलंच अक्षर रेघेबाहेर गेलं. नर्स म्हणाली, अंगठा चालेल.

"बेडा," अप्पा म्हणाले, नको. मी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्यांनी आडनावापर्यंत सगळं लिहिलं.