भट्टीमावशी पुढच्या दारानं जातात

भट्टीमावशींनी दुसरं लग्न जमवलं, ही बातमी गल्लीत मंगळवारी सकाळी फुटली आणि दुपारच्या चहापर्यंत नवरदेवाला टक्कलसुद्धा पडलं होतं.

बातमीचा उगम समोरच्या शिलाई मशीनवर होता. शिलाईवाल्या काकूंचे पाय मशीनवर आणि डोळे रस्त्यावर असतात, त्यामुळे त्यांनी शिवलेला पायजमा एका पायात आखूड होतो, पण गल्लीची खबर कधी आखूड येत नाही. सोमवारी संध्याकाळी सहाला मावशी ठेवणीतले कपडे घालून, केस चापून, चक्क पावडर लावून बाहेर पडल्या. कोपऱ्यावरच्या बर्गरच्या दुकानात गेल्या आणि भिंतीकडेचं टेबल धरून दीड तास बसल्या. समोर एक बर्गर, एक सरबत, आणि नजर दाराकडे. यजमान जाऊन आठ वर्षं झालेली बाई पावडर लावून दीड तास कुणाची वाट बघते? काकूंनी प्रश्न विचारला आणि सुईत दोरा ओवता ओवता उत्तरही देऊन टाकलं.

तर आता खरं काय ते. नवरदेव नव्हता. नजरही दाराकडे नव्हती. मावशी लोकांच्या हातांकडे बघत होत्या.

त्या बर्गरच्या दुकानाचे बन गेली दोन वर्षं मावशींच्या बेकरीतून जात. बेकरी म्हणजे काय, एक भट्टी, एक लांब लाकडी टेबल, मळायचं जुनं यंत्र, मावशी आणि त्यांचे धाकटे दीर. दिराला सगळी गल्ली भाऊजी म्हणते, त्यांच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा. भाऊजी दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतात आणि त्यातली बारा भट्टीशी. पहाटे चारला पीठ मळायचं, त्याला झाकून निवांत निजू द्यायचं, मग गोळे, मग पुन्हा विसावा, मग भट्टी. सकाळी नवाच्या आत बनचे ट्रे बर्गरच्या दुकानाच्या मागच्या दाराशी. दोन वर्षांत मावशींनी त्या दुकानाचं पुढचं दार आतून बघितलं नव्हतं. लग्नात आचाऱ्यानं मांडवात बसायचं नसतं, तसंच ते.

गल्लीत पाव-टोस्ट खपून खपून किती खपणार? भट्टी पेटायची ती त्या बनच्या जिवावर. आणि गेल्या शनिवारी बर्गरवाल्या मालकानं मागच्या दाराशी थांबवून सांगितलं, "मावशी, राग मानू नका. सोमवारपासून आठवडाभर कारखान्याचा बन लावून बघतोय."

मालक तसा गुणी. तिशीतला, दुकानात स्वतः उभा राहणारा, आणि काउंटरवर चिठ्ठ्यांची पेटी ठेवलेली. गिऱ्हाइकानं खाल्लं, जे वाटलं ते लिहिलं, पेटीत टाकलं. रविवारी मालक सगळ्या चिठ्ठ्या वाचतो.

"माझ्या बनची तक्रार आली का रे?" मावशींनी विचारलं.

"नाही ना! तेच तर. दोन वर्षांत बनबद्दल एक चिठ्ठी नाही. ना चांगली, ना वाईट. सॉसबद्दल लिहितात, फ्राइजबद्दल लिहितात, पंख्याच्या आवाजाबद्दल लिहितात. बन कुणाच्या लक्षातच येत नाही, मावशी. मग लोकांना फरक पडत नसेल, तर पाकिटातला बन मला सोयीचा. नऊ दिवस टिकतो."

"नऊ दिवस?" मावशी म्हणाल्या. "अरे, नऊ दिवस टिकणाऱ्याला बन म्हणत नाहीत, लोणचं म्हणतात."

बोलून गेल्या, पण घरी येईतो मनात हिशेब सुरू झाला. भट्टी थंड पडली, तर भाऊजींचं काय? अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना कोण कामावर ठेवणार, आणि ठेवलं तरी ते भट्टीशी बोलतात तसं तिथल्या साहेबाशी बोलणार का?

म्हणून सोमवारी पावडर. पिठाच्या कपड्यांत मागच्या दाराशी उभं राहणं वेगळं, पण पुढच्या दारानं गिऱ्हाईक म्हणून जायचं तर गिऱ्हाइकासारखं दिसायला नको?

टेबलं सांभाळणारी ताई मावशींना बघून थबकली. "मावशी, तुम्ही? आणि इकडून?"

"का? माझ्या तोंडाला दात नाहीत? आण एक बर्गर."

बर्गर आला. बन असा चकचकीत, की त्यात बघून भांग पाडावा. मावशींनी डोळे मिटले आणि घास घेतला. पहिला घास चांगला लागला. हेच तर दुखणं. मऊ, गोडसर, काही नाव ठेवायला जागा नाही. मावशींचं काळीज बूड लागलेल्या पातेल्यासारखं चरचरलं.

दुसरा घासही बरा. तिसऱ्या घासाला मात्र खालचा बन सॉस पिऊन हातातच बसला. पॅटी मागून निसटली. मावशींनी ती पुढे ढकलली, तर सॅलडचं पान बाजूनं पळालं. पान धरायला जावं तर सॉस मनगटावरून कोपराकडे निघाला. एक बर्गर, पण चहूकडून वेढा.

मग मावशींनी डोळे उघडून सगळ्या दुकानाकडे बघितलं. जो तो तिसऱ्या घासाला थांबत होता. कुणी बर्गर खाली ठेवून पुन्हा उचलायच्या खटपटीत, कुणी काटा मागतोय, एक गृहस्थ तर टाय खांद्यावर टाकून जेवत होते. ताई कागदी रुमाल घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर पळत होती.

"आता लिहितील," मावशी मनात म्हणाल्या. "आता कळेल मालकाला."

लिहिलंही लोकांनी. पण काय? शेजारच्या टेबलावरच्या बाईनं तणतणत लिहिलं ते मावशींनी मान लांब करून वाचलं. 'सॉस फार घालता, बाही खराब झाली.' त्यापुढचा माणूस लिहीत होता, 'रुमाल तीनदा मागावे लागले. सेवा ढिली.' बनचं नाव नाही!

मंगळवारी मावशी पुन्हा गेल्या. (इकडे नवरदेवाला एव्हाना शेतीवाडी आणि पहिल्या बायकोचा एक मुलगा झाला होता.) गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकून स्वयंपाक्यानं सॉस कमी केलेला. आता लोक म्हणू लागले, 'पॅटी कोरडी.' बुधवारी स्वयंपाक्यानं पॅटीवर जास्त तूपलोणी सोडलं, तर 'तेलकट.' बिचारा आतून डोकावून बघायचा, तेव्हा त्याचा चेहरा नापास मुलासारखा दिसायचा. बन मात्र सगळ्यांच्या डोक्यावर चकचकत साळसूद बसलेला.

बुधवारी मावशींचा धीर सुटला. त्यांनी चिठ्ठी ओढली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पेन डाव्या हातात धरलं, दहा मिनिटं घाम गाळून चार ओळी लिहिल्या, पेटीत टाकल्या, आणि चोरी केल्यासारख्या भराभरा घरी आल्या.

भाऊजी उद्याचं पीठ चाळत होते. उद्याचं म्हणजे गल्लीपुरतं, मूठभर.

"भाऊजी, मी एक पाप केलं. गिऱ्हाईक बनून तक्रार टाकली."

भाऊजींनी चाळण थांबवली. "नाव घातलं?"

"छे! नाव कशाला घालू?"

"मग झालं तर." चाळण पुन्हा सुरू झाली. मग थांबली. "लिहिलंत काय?"

मावशींना पाठच होतं. "'बन घाईनं फुगवलाय. पिठाला दुसरा विसावा दिलेला नाही, म्हणून पोटात जाळी धरली नाही. कापताना खालचा तळ पातळ ठेवलाय, तो वरच्यापेक्षा बोटभर जाड हवा. आणि कापलेली बाजू तव्यावर शेकली नाही तर सॉस पिणारच.'"

भाऊजी वहिनींकडे बघत राहिले. त्या दिवसाची वीस वाक्यं संपली असावीत, पण त्यांनी उसनं एकविसावं काढलं.

"वहिनी, पिठाचा दुसरा विसावा मोजणारं गिऱ्हाईक जगात कुठं असतं?"

मावशी मटकन पिठाच्या पोत्यावर बसल्या. खरंच की! डावा हात वापरला, पण डोकं तेच, भट्टीवालीचं. आता मालक ओळखणार. बन तर गेलाच होता, आता नावही गेलं. बाई कटकारस्थानी आहे, खोट्या चिठ्ठ्या टाकते, असं गावभर व्हायचं. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी मावशी घराबाहेर पडल्या नाहीत. (गल्लीनं त्याचाही अर्थ लावला: पाहुणे बघून गेले, मुहूर्त काढताहेत.)

रविवारी दुपारी ताई निरोप घेऊन आली. "मालकांनी बोलावलंय. पुढच्या दारानं या म्हणाले."

पावडर न लावता मावशी गेल्या. दुकान बंद, आत मालक, स्वयंपाकी, आणि टेबलावर पसरलेल्या चिठ्ठ्या. मालक एकेक वाचू लागला. सॉस जास्त, सॉस कमी, कोरडा, तेलकट, सेवा ढिली, रुमाल नाहीत, बाही, टाय, आणि एका आजोबांनी लिहिलेलं, 'बर्गर खायला दिला होता की आंघोळीला?'

"एकोणचाळीस तक्रारी, मावशी. एरवी आठवड्याला पाच-सहा येतात."

"आणि रुमालाचा खोका एरवी आठवडाभर पुरतो," ताई म्हणाली, "तो बुधवारीच संपला. शिव्या मात्र मला."

"आणि ही चाळिसावी." मालकानं एक चिठ्ठी वेगळी काढली. डाव्या हाताची, कोंबडीच्या पायांची. "ही कुणी लिहिली असेल?"

मावशींच्या कानशिलांतून भट्टीची धग निघाली. "मी," त्या म्हणाल्या. "मीच लिहिली. तुला काय बोलायचं ते बोल."

मालक काही बोलायच्या आत स्वयंपाकीच पुढे झाला. "मावशी, तुमचे पाय कुठं आहेत? सहा दिवस मी सॉस कमी-जास्त करतोय, शिव्या खातोय, वाटलं आपला हातच गेला. ही चिठ्ठी वाचली आणि बन उभा चिरून बघितला. आत नुसता चिकट गोळा! मी कच्चा नाही, बन कच्चा. काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!"

"एकोणचाळीस जणांनी काय झालं ते सांगितलं," मालक म्हणाला. "का झालं, ते एकटीनं सांगितलं. दोन वर्षं बनचं नाव निघालं नाही, ते कशामुळं, हे मला आत्ता कळलं. उद्या सकाळी नवाला ट्रे येऊ देत, मावशी. आणि दर बुधवारी पुढच्या दारानं यायचं, खायचं आणि चिठ्ठी टाकायची. फक्त उजव्या हातानं लिहा, ही वाचायला मला अर्धा तास लागला."

मावशींनी आठवडाभर कोंडलेला श्वास सोडला. इतका मोठा, की टेबलावरच्या दोन चिठ्ठ्या खाली पडल्या. घरी येऊन त्यांनी भाऊजींना एवढंच सांगितलं, "पूर्ण पोतं भिजवा." भाऊजी भट्टीकडे तोंड करून बराच वेळ हसत उभे होते.

सोमवारी ट्रे पोचवून मावशी परतत होत्या, तर शिलाईवाल्या काकूंनी मशीन थांबवून हाक मारली. दोन खिडक्या आणि एक गॅलरीही आपोआप उघडली.

"काय मावशी, गेल्या आठवड्यात ज्याच्यासाठी पावडर लावून बसत होतात, त्याचं काय झालं? जमलं का?"

मावशींनी रिकामे ट्रे कमरेवर पेलले आणि म्हणाल्या, "बघितला हो नीट. वरून चकचकीत, पहिल्या घासाला गोड, आणि तिसऱ्या घासाला हातात लगदा. परत पाठवला. तुमच्याकडे पाठवू का?"