माझ्यासमोर उघडलेला कॉम्प्युटर

विलास गेल्याचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा मला तो खरा वाटला नाही. हल्ली कुणाच्याही नावाने काहीही फिरतं. खात्री करायला मी थेट विलासच्याच नंबरवर फोन लावला... तो वहिनींनी उचलला. "हो भाऊजी," एवढंच म्हणाल्या. त्या फोनची मला अजून लाज वाटते.

आम्ही मखमलाबादच्या शाळेतले मित्र. नव्वदचं दशक संपता संपता त्याने पंचवटीत कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान काढलं. एका बाजूला टीव्ही मांडून तो व्हिडिओ गेम तासावर खेळायला द्यायचा. मला कॉम्प्युटर हवा होता तो गेमसाठीच. वडिलांना, म्हणजे तात्यांना, मात्र मी कोर्सचा अभ्यास सांगितला होता. आमचा भाजीचा मळा. कोथिंबिरीला बरा भाव मिळाला आणि तात्या माझ्याबरोबर दुकानात आले.

"तात्या, अभ्यासाला हवा असेल तर जरूर घ्या," विलास म्हणाला. "पण ह्याला गेम खेळायचे असतील तर नका घेऊ. कॉम्प्युटर म्हणजे औताचा बैल, पडेल ते काम करतो. टीव्हीचा गेम म्हणजे शर्यतीचा बैल. त्याला दुसरं काही येत नाही, पण पळतो. औताच्या बैलाला शर्यतीत पळवायचं तर वेगळा खुराक लागतो, ग्राफिक्स कार्डाचा. तेवढ्या पैशात टीव्हीचा अख्खा गेम येईल."

"आपलाच माल नको म्हणणारा दुकानदार पहिल्यांदा बघतोय," तात्या म्हणाले. "बाजारात असं कुणी बोललं की आम्ही बघतो, त्याला पुढची कुठली पाटी खपवायचीय."

विलास हसला. कॉम्प्युटर पुढे वाढवता येतो आणि गेमचं खोकं जुनं झालं की टाकून द्यावं लागतं, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मला मात्र वाटलं, पडून राहिलेली खोकी हा माझ्या गळ्यात मारतोय. मी हट्टाने कॉम्प्युटर घेतला, कार्डाशिवाय.

घरी रेसच्या खेळातली गाडी प्रत्येक वळणावर अडखळायची. विलासने नेमकं हेच सांगितलं होतं, पण ते मला आठवलं नाही. आठवलं असेल तरी पटवून घ्यायचं नव्हतं. आत जुना पार्ट बसवला असणार, असं मी धरून चाललो आणि मशीन शालिमारजवळच्या एका मेकॅनिककडून गुपचूप उघडून घेतलं. "बिलात आहे तेच आत आहे," तो म्हणाला. मला वाटलं, हा विलासच्या ओळखीचा दिसतो.

पुढे मशीन साफ करायला विलासकडे नेलं. मागच्या स्क्रूवरचा वॉरंटीचा कागद फाटलेला त्याला दिसला.

"कुणी उघडलं?"

"पुसताना फाटला असेल."

स्टूल पुढे ओढून तो म्हणाला, "बस इथे." प्रत्येक पार्ट काढून त्याने माझ्या हातात दिला आणि माझ्याच हातून परत घेऊन बसवला. पुढे मशीनं बदलली, दोघांचे केस पांढरे झाले, ही पद्धत चालूच राहिली. मी लोकांना कौतुकाने सांगायचो, विलासचं काम चोख, गिऱ्हाइकासमोर सगळं उघडतो. शोकसभेतही हेच बोललो.

सभा संपल्यावर वहिनी जवळ आल्या. "भाऊजी, बाकीचे मशीन ठेवून निघून जायचे. समोर फक्त तुमचंच उघडायचे ते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, राहू दे, त्याला बघितल्याशिवाय झोप लागत नाही."



त्याच्या आजारपणाआधी दुरुस्तीला दिलेलं माझं मशीन अजून दुकानातच आहे. वहिनींनी कामाला एक नवा माणूस ठेवलाय. "तुम्ही आलात की उघडायला सांगते," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "माझी वाट बघू नका." त्या "बरं" म्हणाल्या.

कामावर जायचा माझा रस्ता त्या दुकानावरूनच जातो. रोज तिथे गाडीचा वेग आपोआप कमी होतो. आत कोण काय काढतोय, काय बसवतोय, एकदा डोकावून बघावंसं वाटतं... अजून उतरलेलो नाही.